राखाडी म्हणजे नेमका कोणता?

घराला रंग काढताना शेवटच्या भिंतीला डबा कमी पडला की काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. त्याच कंपनीचा, शेडकार्डवरच्या त्याच क्रमांकाचा नवा डबा आणला तरी वाळल्यावर जोड दिसतोच. आणि इथे डबा हातात असतो, क्रमांक छापलेला असतो, रंगारी समोर उभा असतो. आता समजा, ती भिंत ऐंशी वर्षांपूर्वी पाण्यात बुडाली आहे, रंगारी हयात नाही आणि तुमच्याकडे आहेत फक्त तिचे काळे-पांढरे फोटो. सांगा, रंग कोणता होता?

युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींपुढे हाच प्रश्न असतो. बाहेरच्याला वाटतं, युद्धनौका म्हणजे राखाडी, त्यात शोधायचं काय? पण ही माणसं एका राखाडीसाठी अभिलेखागारातल्या फायली उपसतात, रंगाच्या पापुद्र्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडतात. हे वेड बिनबुडाचं नाही, हे समजायला एकच जहाज पुरे आहे.

'ॲरिझोना'ची शेवटची सकाळ

७ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात अमेरिकेची 'ॲरिझोना' ही युद्धनौका स्फोटात फुटली आणि तिच्यावरची १,१७७ माणसं गेली. ज्या मिनिटांवर शेकडो पुस्तकं लिहिली गेली, त्या मिनिटांना हे जहाज कोणत्या रंगाचं होतं याबद्दल मात्र आजही मॉडेलवाल्यांचे दोन तट आहेत.

पहिला तट म्हणतो, गडद करडा. त्याला आधार आहे. अमेरिकी नौदलाने जानेवारी १९४१ मध्ये जहाजं रंगवण्याची एक नियमपुस्तिका काढली. तिच्यातल्या पहिल्या पद्धतीनुसार जहाजाची कूस आणि वरचं बांधकाम धुराड्याच्या उंचीपर्यंत '५-डी' या गडद करड्यात आणि त्याच्या वरचं सगळं '५-एल' या फिक्या करड्यात रंगवायचं होतं. मॉडेलच्या खोक्यांमधली माहितीपत्रकं कितीतरी वर्षं हेच सांगत आली.

दुसरा तट म्हणतो, निळा. त्याचाही आधार कागदांचाच. १९४१ च्या उत्तरार्धात ५-डी मोडीत काढून नौदल निळ्या छटांकडे वळत होतं. सप्टेंबरच्या सुधारित पुस्तिकेत '५-एस', म्हणजे 'सी ब्लू', पुढे आला. त्यातच २२ ऑक्टोबरला सरावादरम्यान 'ॲरिझोना' आणि 'ओक्लाहोमा' यांची टक्कर झाली आणि 'ॲरिझोना' दुरुस्तीसाठी पर्ल हार्बरच्या कोरड्या गोदीत गेली. जहाज गोदीत आलंच आहे तर रंगवूनही घ्यायचं, ही गोदीची जुनी रीत. मग त्या दिवसांत गोदीतल्या बादल्यांमध्ये कोणता रंग होता, जुना की नवा?

गेल्या काही वर्षांत कागदांचा कल निळ्याकडे झुकला आहे. अमुक दिवशी अमुक रंग लावला, अशी सगळ्यांचं समाधान करणारी नोंद पुढे आलेली नसल्याने करड्याचे पाठीराखेही हटत नाहीत. प्रश्न दोन महिन्यांत काय घडलं एवढाच आहे, पण त्या दोन महिन्यांवर अख्खं मॉडेल अवलंबून आहे.

साक्षीदार अनेक, खोट प्रत्येकात

कागद नाही तर फोटो बघा, असं कुणीही सुचवेल. पण आजोबांच्या काळातला एखादा फोटो काढून बघा. आजीच्या कपाळावरचं कुंकू बहुधा काळं दिसेल. त्या काळी सर्रास वापरली जाणारी 'ऑर्थोक्रोमॅटिक' फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल तिला काळा दिसे आणि निळा डोळ्यांना वाटतो त्याहून फिका. पुढे आलेल्या 'पॅनक्रोमॅटिक' फिल्मला लाल दिसू लागला, पण छायाचित्रकार आकाशातले ढग उठून दिसावेत म्हणून भिंगावर पिवळी काच लावत. त्या काचेने आकाशाबरोबर जहाजाचा निळाही गडद होई. म्हणजे एकच निळं जहाज एका फोटोत फिकं, दुसऱ्यात काळपट. फिल्म कोणती आणि काच लावली होती की नाही, हे कळल्याशिवाय काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग सांगणं म्हणजे कुंकू काळं होतं म्हणून शपथ घेणं.

रंगीत चित्रण तरी? 'ॲरिझोना'चा स्फोट 'सोलेस' या रुग्णालय-जहाजावरून एका डॉक्टरने रंगीत फिल्मवर टिपला, हे खरं. पण त्यात ज्वाळा आहेत, धूर आहे आणि सकाळचं तिरपं ऊन आहे. शिवाय आपण पाहतो ती बहुतेकदा नकलेची नक्कल. प्रत्येक नकलेत रंग थोडा सरकतो.

मग प्रत्यक्ष लोखंड? 'ॲरिझोना' दोन दिवसांहून अधिक काळ जळत होती. नंतर तिच्या वरच्या बांधकामाचे तुकडे कापून किनाऱ्यावर नेले गेले. त्यावर रंगाचा अंश सापडला तरी आगीने आणि समुद्राने त्याचं काय केलं असेल, ते वेगळं सोडवावं लागतं.

सगळ्यात फसवा साक्षीदार मात्र सगळ्यात अधिकृत दिसतो. तो म्हणजे नौदलाचं स्वतःचं जुनं शेडकार्ड. ते अभिलेखागारात बंद पाकिटात मिळालं की संशोधकाला सोनं सापडल्यासारखं वाटतं. पण तेव्हाचे रंग तेलात कालवलेले असत, आणि जवसाच्या तेलात एक खोड आहे: अंधारात ठेवलं की ते पिवळं पडतं. निळसर करड्यावर पिवळी छटा चढली की तो हिरवट दिसतो. म्हणजे जपून ठेवल्यामुळेच कार्ड बिघडलं. अशा कार्डाशी तंतोतंत जुळवून काढलेली मॉडेलची बाटली इमानदारीने चुकीची निघते.

यातून सोडवणूक केली आकड्यांनी. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकला शिक्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी रंग मोजायची एक पद्धत बसवली: रंगाचं कूळ कोणतं, तो किती उजळ आणि किती भडक. या तीन गोष्टी आकड्यांत मांडायच्या. अमेरिकी नौदलाच्या युद्धकाळातल्या निळसर करड्या छटा मन्सेलच्या निळ्या-जांभळ्या कुळात बसवलेल्या होत्या आणि तशी नोंद राहिली. कार्ड पिवळं पडतं, आकडा पडत नाही.

बादलीतला रंग

आकडा मिळाला म्हणून जहाजावरचा रंग मिळाला असं मात्र नाही. युद्धकाळात अमेरिकी जहाजांना बरेचदा तयार रंग मिळतच नसे. पांढरा पाया आणि निळी-जांभळी घट्ट लुगदी असे दोन डबे येत. खलाशांनी ठरलेल्या प्रमाणात त्यांचं मिश्रण करायचं. लुगदी जास्त की गडद 'नेव्ही ब्लू', कमी की फिका 'हेझ ग्रे'. कागदावर हे सुटसुटीत आहे, पण डेकवर वारा सुटलेला असताना बादलीत वल्ह्यासारखी काठी फिरवणाऱ्या खलाशाचं प्रमाण दर वेळी सारखंच येत असेल? घरातल्या भिंतीचा तो जोड इथेही होताच.

भर म्हणून नावंही दगा देतात. युद्धाच्या शेवटाला निळ्या रंगद्रव्याचा तुटवडा पडला, तेव्हा नौदलाने निळा वगळून साधारण तितक्याच उजळ अशा निव्वळ करड्या छटा काढल्या. त्यामुळे १९४२ चा 'हेझ ग्रे' आणि १९४५ चा 'हेझ ग्रे' हे नावाने सख्खे आणि रंगाने सावत्र.

ब्रिटिशांकडे गोंधळ उलटा. त्यांच्या करड्यांना ५०७-ए, ५०७-बी, ५०७-सी असे क्रमांक होते. पिढ्यान्‌पिढ्या मॉडेलवाल्यांनी ते गडद, मध्यम आणि फिका असे तीन रंग मानले आणि बाटल्याही तशाच निघाल्या. अलीकडे काही अभ्यासकांनी मूळ कागद पुन्हा वाचून मांडलं की ए आणि बी यांची छटा एकच होती, फरक रंगाच्या घडणीचा. हे मान्य केलं तर 'मध्यम करडा' म्हणून रंगवलेल्या कितीतरी नौका कपाटातून पुन्हा टेबलावर घ्याव्या लागतील. अनेकांना ते मान्य करणं जड जातं, त्यामागे हेही एक कारण असावं.

जपानची अडचण आणखी वेगळी. कुरे, सासेबो, मायझुरू, योकोसुका या नौदल गोद्यांचे करडे रंग एकसारखे नव्हते, म्हणून जपानी कंपन्या आजही 'कुरे करडा', 'सासेबो करडा' अशा नावांनी मॉडेलचे रंग विकतात. जहाज कुठे बांधलं हे विचारून भागत नाही, शेवटचं कुठे रंगवलं तेही विचारावं लागतं. आणि ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या दिवसांत जपानी लष्कराने आणि नौदलाने कागदपत्रांचे ढीग जाळले. उत्तर त्या राखेत असू शकतं.

आपल्याला शेवटचे व्हाइसरॉय म्हणून ठाऊक असलेले लॉर्ड माउंटबॅटन यांचंही नाव या रंगपेटीत आहे. १९४० मध्ये ते विनाशिकांच्या ताफ्याचे प्रमुख होते. संधिप्रकाशात फिक्या जांभळट करड्या कुशीचं एक प्रवासी जहाज इतर जहाजांच्या आधी दिसेनासं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आपल्या नौका करडा-गुलाबी रंगवून घेतल्या. 'माउंटबॅटन पिंक' हे नाव तिथून आलं. तो करड्यात तांबडा मिसळून केला जाई आणि छटा जहाजागणिक बदले. त्याची अचूक बाटली मागणं म्हणजे 'आमटीचा अचूक रंग' मागण्यासारखं आहे.

काप घेऊन वाचलेला रंग

जहाज शाबूत असेल तर एक खात्रीचा मार्ग उरतो. इंग्लंडात पोर्ट्समथला नौसेनापती नेल्सनची 'व्हिक्टरी' ही जुनी युद्धनौका उभी आहे. तिच्या लाकडावर शतकानुशतकं रंगाचे थर चढत गेले. अशा थरांचा एखादा कण राळेत बसवून, कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थर झाडाच्या वाढीच्या वलयांसारखे मोजता येतात. अशा अभ्यासानंतर २०१५ मध्ये 'व्हिक्टरी' पुन्हा रंगवली, तेव्हा लोकांच्या ओळखीचा नारिंगीकडे झुकणारा पिवळा गेला आणि गुलाबीकडे झुकणारी फिकी गेरूची छटा आली. १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या लढाईत ती अशी होती, असा निष्कर्ष निघाला. जगभरच्या कपाटांतल्या पिवळ्या 'व्हिक्टऱ्या' एका दिवसात जुन्या झाल्या. संग्रहालयात जहाज उभं आहे, मग त्याचा रंग बघून या, हा सल्ला किती कच्चा आहे तेही कळलं. संग्रहालयातल्या जहाजावर शेवटच्या डागडुजीचा रंग असतो.

शेवटी टेबलावर

समजा, सगळं जमलं आणि नेमकी छटा हाती आली. ती जशीच्या तशी मॉडेलला लावली तर जहाज काळंकुट्ट, खेळण्यासारखं दिसतं. 'ॲरिझोना' सुमारे १८५ मीटर लांब होती. १:३५० या प्रमाणात ती ५३ सेंटिमीटर होते. ती एका मीटरवरून पाहणं म्हणजे खरं जहाज ३५० मीटरवरून पाहणं. सह्याद्रीच्या रांगा बघताना जवळचा डोंगर हिरवा, मागचा निळसर आणि त्यामागचा धुरकट दिसतो, कारण मधली हवा रंग पुसत जाते. जहाजाचंही तसंच. म्हणून बरेच कारागीर मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात. किती, यावर पुन्हा वाद आहेतच.

आणि दिवा. साडीच्या दुकानात ट्यूबच्या उजेडात मोरपंखी वाटलेलं लुगडं आपण दारात नेऊन उन्हात उलगडतो. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात. मॉडेलचंही शेवटचं पाहणं दिवसाच्या उजेडातच व्हावं.

इतकं करून हाती काय लागतं? जहाजाचा रंग असा एक नसतोच. अमुक तारखेला, अमुक गोदीतून निघताना, इतके महिने ऊन आणि खारं पाणी खाऊन झालेला असा रंग असतो. जाणकार कारागीर म्हणून आधी तारीख ठरवतो, मग बाटली उघडतो. मॉडेलच्या पाटीवर नावासोबत तारीख असली की समजावं, याने घरचा अभ्यास केलाय.

हे आपल्यालाही लागू आहे. १९६१ मध्ये आपल्या नौदलात आलेली आणि १९७१ च्या युद्धात लढलेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका मुंबईकरांनी पुढे संग्रहालय म्हणून पाहिली. २०१४ पासून ती तोडली गेली. आता तिच्या कुशीवरून रंगाचा काप घ्यायला कूसच नाही. जे उरलंय ते लोकांच्या घरांत: नौदलातल्या माणसांचे अल्बम, रंगीत स्लाइड, सहलीचे फोटो. तुमच्या कपाटात यातलं काही असेल तर ते काढा, आणि फोटो कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी घेतला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. तारीख नसलेल्या फोटोवरून जहाजाचा रंग ठरवता येत नाही.