बैलावर दया करतो, तशी स्वतःवरही करावी

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौकात आम्ही सायकलींवरून उतरलो, तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. नाशिकहून निघताना आम्ही 9 जण होतो. घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे होतो ते 8 जण. ओळखीचे एक मराठी कुटुंब पोहे आणि शेव घेऊन स्वागताला आले होते. त्यांचा पहिलाच प्रश्न, "काका कुठे आहेत?" आमच्यापैकी कोणालाच मान वर करवेना. काका इंदूरच्या दवाखान्यात होते. देवाच्या कृपेने ते पुढे बरे झाले. पण त्या सकाळी जे उमगले, ते आपल्या शेतकरी बंधुभगिनींना सांगावे म्हणून हा लेख.

काकांचे वय 61. उभा जन्म कांदा आणि द्राक्षात गेलेला. ज्याने आयुष्यभर फावडे मारले त्याला सायकल काय जड, असे त्यांना वाटले आणि आम्हांलाही. ही पहिली चूक. शेतात माणूस वाकतो, उठतो, चालतो, घटकाभर बांधावर टेकतो. सायकलीवर मात्र तेच हात, तीच मान, तीच बैठक तासन्‌तास एका जागी अडकलेली असते. म्हणून पाय थकण्याच्या आधी इतर अवयव तक्रार करू लागतात.

धुळ्याला पोहोचेपर्यंत आमच्यापैकी तिघांच्या करंगळ्या बधिर झाल्या होत्या. तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जाते, त्याचा हा परिणाम. सेंधव्याच्या मुक्कामी बैठकीच्या जागी घाम आणि घर्षणाने फोड आले. ज्यांची सीट फार खाली होती त्यांचे गुडघे पुढून दुखू लागले. मानेचेही तसेच. 1983 साली अमेरिका आडवी पार करण्याच्या सायकल शर्यतीत मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके वर धरवेना. त्या विकाराला आज त्यांचेच नाव आहे.

हीच सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली दोघांच्या संघाने पुरी केली. 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने 12 दिवसांच्या आत संपवली. त्यांची जिद्द मोठी खरीच. पण अशा शर्यतीत स्वाराच्या मागे गाडी असते, आणि त्याने काय खाल्ले, किती पाणी प्याले, किती झोपला हे पाहणारी माणसे असतात. थकलेल्या माणसाला स्वतःची अवस्था नीट कळत नाही, म्हणून ती दुसऱ्याने पाहायची असते. आमच्यात हे काम कोणाकडेच नव्हते.

चौथ्या दिवशी खलघाटला नर्मदा ओलांडली आणि मानपूरकडचा घाट चढू लागलो. सपाट रस्त्यावर पुढचा स्वार वारा अडवतो, त्यामुळे मागच्याचे श्रम बरेच वाचतात. घाटात वेग कमी होतो आणि हा आडोसा जवळजवळ संपतो. तिथे प्रत्येकाचे ओझे ज्याचे त्यालाच. तरुण पुढे निघून गेले. ऊन चढले होते. काका मागे पडले, पण "थांबा" म्हणायची त्यांना लाज वाटली. शिवाय उपवासकाळ होता. सकाळी त्यांनी फक्त चहा घेतला होता, हे आम्हांला मागाहून कळले. आम्ही परत फिरलो तेव्हा ते रस्त्याकडेला बसले होते. ओकारी झाली होती आणि बोलणे असंबद्ध होते. सावलीत निजवले, सदरा ओला केला, टोपीने वारा घातला आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे उपवासाचे बंधन 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत असते, आणि तेही राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी. काकांवर ते नव्हतेच. कडक श्रमाच्या दिवशी उपाशी राहणे भक्ती नव्हे. प्रायश्चित्त करायचे तर ते जिभेचे करावे, रागाचे करावे.

सायकलीवर असा की कांदा काढणीला, उन्हाचे नियम तेच आहेत. पहाटे काम सुरू करावे, भर दुपारी थांबावे. नुसते पाणी पोटभर ढोसत राहू नये. घामाबरोबर मीठही जाते. 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून घोट घोट प्यावे. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच. पाय वळणे, चक्कर, मळमळ ही थांबण्याची सूचना समजावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, भेलकांडू लागला, तर तोंडात काही घालू नये. अंग ओले करीत ताबडतोब दवाखान्यात न्यावे. फोड आलेली जागा धुऊन कोरडी ठेवावी, रोज धुतलेले कपडे घालावेत. आणि गटाची चाल सर्वांत दुबळा जो असेल त्याने ठरवावी, त्याला पुढे ठेवावे.

घरी परतल्यावर काका गोठ्यात उभे राहून म्हणाले, "जुवाने खांदा सुजला की मी बैल जुंपत नाही. त्याच्या तोंडाला फेस आला की नांगर सोडतो. आणि त्या घाटात माझ्या जिवाला मी तेवढीही दया दाखवली नाही." आम्ही गप्प राहिलो, कारण आम्हीही ती दाखवली नव्हती.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचा विचार आहे. काकांना डॉक्टरांनी परवानगी दिली तर ते सर्वांत पुढे असतील, आणि टावर चौकात आम्ही 9 जण एकदम उतरू. त्यासाठी पाचाचे सात दिवस लागले तरी चालतील.