दानाचा धनी कोण?

बीड शहराच्या पूर्वेकडील उंचवट्यावर शहेनशाहवली यांचा दर्गा आहे, आणि शहराच्या त्याच बाजूस मन्सूरशाह यांची संगमरवरी घुमटाची कबर आहे. पहिले चौदाव्या शतकांतील, चिश्ती परंपरेचे. महंमद तुघलकाच्या अमदानींत ते येथें आले, असें सांगतात. दुसरे अठराव्या शतकांतील, सुहरावर्दी परंपरेचे; उत्तर हिंदुस्थानांत मराठ्यांचा दरारा बसविणारे महादजी शिंदे त्यांना गुरु मानीत. ग्वाल्हेर येथें गोरखीमधील शिंद्यांच्या देवघरांत मन्सूरशाहांचें स्थान आहे आणि त्या घराण्यानें तें पिढ्यान्‌पिढ्या जपलें आहे. मुलूख निजामाचा, शिष्य पेशव्यांचा सरदार, गुरु मुसलमान फकीर आणि शिष्य हिंदु, असा हा योग होता. ह्या योगाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. परंतु त्यांतून कायद्याचा एक प्रश्न उपस्थित होतो, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. समजा, अशा एखाद्या भक्तानें दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठीं शेत लावून दिलें, तर तें शेत पुढें कोणाचें? देणाऱ्याच्या वंशजांचें, ज्याच्या राज्यांत तें आहे त्या राजाचें, दर्ग्याची सेवा करणाऱ्या मुजावराचें, कीं ह्यांपैकीं कोणाचेंच नव्हे?

इस्लामी धर्मशास्त्राचें उत्तर ‘वक्फ’ ह्या शब्दांत सांठवलेलें आहे. ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ थांबविणें, रोखून धरणें असा आहे. मूळ वस्तु थांबवावी आणि तिचें फळ वाहतें ठेवावें, हें त्याचें सार. खैबर येथें वांट्यास आलेल्या जमिनीचें काय करावें, असें हजरत उमर यांनीं पैगंबरांस विचारलें. तेव्हां जमीन राखून तिचें उत्पन्न धर्मकार्यास लावण्याचा सल्ला त्यांना मिळाला, अशी हदीस आहे. ती जमीन पुढें विकली जाऊं नये, कोणास बक्षीस दिली जाऊं नये आणि वारसांत वांटली जाऊं नये, असें ठरलें. बीडच्या बालाघाट डोंगरांतील सीताफळांच्या झाडांवरून हें सहज ध्यानांत येईल. झाड वक्फ केलें म्हणजे फळें गोरगरिबांनीं खावींत. झाड मात्र कोणी तोडूं नये आणि त्यावर कोणीं मालकी सांगूं नये. तें ईश्वराच्या नांवें झालें. त्याची निगा राखणारा तो मुतवल्ली; तो राखणदार होय, धनी नव्हे.

परंतु दान नेमकें कोणत्या क्षणीं पुरें होतें, ह्याबद्दल शास्त्रकारांतच वाद होता. हिंदुस्थानांतील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी पंथाचे आहेत, त्याचे आद्य आचार्य इमाम अबू हनीफा (मृत्यु इ. स. ७६७) यांच्या मतें नुसत्या बोलण्यानें देणाऱ्याची मालकी सुटत नाहीं, काजीचा हुकूम किंवा मृत्युपत्र ह्यांची जोड मिळाली तरच दान पक्कें होतें, एरवी तें परत घेतां येतें. त्यांचे शिष्य अबू यूसुफ म्हणाले कीं, शब्द उच्चारला त्याच क्षणीं मालकी संपली. दुसरे शिष्य इमाम मुहम्मद यांनीं मधला मार्ग काढला: वस्तु मुतवल्लीच्या स्वाधीन झाली पाहिजे. वरवर पाहतां हा कीस काढण्याचा प्रकार वाटेल. परंतु बाप मेल्यावर मुलांनीं दिलेली जमीन परत मागितली, म्हणजे ह्या तीन मतांपैकीं कोणतें मान्य करावयाचें, ह्यावर मशिदीचा दिवा जळेल कीं विझेल हें ठरतें. पुढें बहुतेक ठिकाणीं अबू यूसुफ यांच्या मताकडे कल झाला. औरंगजेबाच्या काळीं बऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखालीं ‘फतावा-इ-आलमगिरी’ हा हनफी निर्णयांचा प्रचंड संग्रह तयार झाला; त्यांतहि वक्फाचें प्रकरण विस्तारानें आलें आहे.

दख्खनमध्यें मात्र शास्त्राच्या जोडीला दुसरी एक व्यवस्था नांदत होती. तिचें नांव इनाम. मशिदीचा इमाम, खतीब, काजी, दर्ग्याचा मुजावर ह्यांना राजे जमिनी देत, त्या बहुधा चाकरीच्या अटीवर. फारसी दफ्तरांत अशा इनामास ‘मश्रूत-उल-खिदमत’, म्हणजे सेवेच्या शर्तीवर दिलेलें, असें म्हणत. मराठी मुलखांतील गांवगाड्यांतहि हीच रीत होती. बारा बलुतेदारांच्या अनेक याद्यांत भट आणि गुरव यांच्याबरोबर मुलाणा येतो. गांवची मशीद किंवा पीर सांभाळणें, निकाह लावणें आणि बकरें हलाल करणें हीं त्याचीं कामें, आणि त्याबद्दल खळ्यावर त्याचा वांटा ठरलेला. हा वांटा बहुतांशीं हिंदु कुणब्याच्या धान्यांतून जाई, आणि त्यांत कोणास वावगें वाटत नसे.

आतां इनाम आणि वक्फ ह्यांतील भेद पाहावा. इनाम राजाच्या मर्जीवर चालतें. सेवा बंद पडली, राज्य बदललें किंवा सनद हरवली तर तें खालसा होऊं शकतें. वक्फ एकदां झाला म्हणजे तो राजालाहि परत घेतां येत नाहीं, असें शास्त्र म्हणतें. एकच शेत इनाम म्हणून दफ्तरांत लिहिलें गेलें तर त्याची एक गति, वक्फ म्हणून लिहिलें गेलें तर दुसरी. साधुसंतांनाहि हा भेद कळत होता, असें दिसतें. प्रारंभीचे चिश्ती शेख राजांकडून जमिनी घेण्यास नाखूष असत. दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांची ख्याति ह्याबद्दल विशेष आहे. उलट मुलतानचे बहाउद्दीन जकारिया आणि त्यांचे सुहरावर्दी अनुयायी राजदरबाराशीं संबंध ठेवीत आणि द्रव्य स्वीकारण्यांत दोष मानीत नसत. बीडच्या एकाच बाजूस ह्या दोन परंपरांचीं स्थानें असावींत, हा योग अर्थपूर्ण आहे.

मूळ प्रश्न राहिला तो परधर्मीयाच्या दानाचा. हनफी शास्त्रानें तो टाळला नाहीं. नवव्या शतकांतील बगदादचे शास्त्री अल-खस्साफ यांनीं वक्फावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यांत ख्रिस्ती व ज्यू प्रजेच्या वक्फांचा विचार आहे. हनफी शास्त्रकारांनीं मान्य केलेली कसोटी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. देणारा मुसलमान आहे कीं नाहीं हें न पाहतां दानाचा हेतु पाहावा. आणि तो हेतु देणाऱ्याच्या धर्मांत व इस्लामांत, दोहोंकडे, पुण्याचा मानला जात असला पाहिजे. भुकेल्यांस अन्न घालणें दोहोंकडे पुण्यच; म्हणून त्यासाठीं केलेला वक्फ चालेल. केवळ चर्चसाठीं केलेला चालणार नाहीं. आणि केवळ मशिदीसाठीं परधर्मीयानें केलेलाहि काटेकोर हनफी मतानें चालणार नाहीं, कारण त्याच्या स्वतःच्या श्रद्धेप्रमाणें तें पुण्यकर्म ठरत नाहीं. शाफिई पंथानें ह्याहून सैल मत स्वीकारलें आणि मशिदीसाठीं दिलेलें दानहि मान्य केलें.

ही कसोटी दख्खनला लावून पाहिली म्हणजे शास्त्र आणि जीवन ह्यांतील अंतर दिसून येतें. दर्ग्याला नवस बोलणारी हिंदु स्त्री तें पुण्यकर्म समजूनच बोलते; महादजींसारखा शिष्य गुरूच्या स्थानाची सेवा स्वधर्माविरुद्ध मानीत नाहीं. दोन्ही श्रद्धांत पुण्य असावें ही अट येथें लोकांनीं आपल्या आचरणानेंच पुरी केली होती. राज्यकर्त्यांचें वर्तनहि असेंच होतें. कोंकणांतील केळशीच्या बाबा याकूत यांच्या स्थानास शिवाजी महाराजांचा आश्रय होता. निजामाच्या राज्यांत ‘उमूर-इ-मजहबी’ हें धर्मखातें मशिदी आणि देवालयें ह्या दोहोंच्या व्यवस्थेकडे पाहत असे. मजालशींत वतनाचा निवाडा होई तेव्हां काजीच्या शिक्क्याबरोबर पाटलाची नांगराची निशाणी महजरावर उमटे. दानपत्रांच्या अखेरीस तर एकाच वाक्यांत दोन्ही समाजांना बांधून घेत: हें दान जो मोडील तो हिंदु असल्यास त्याला गाईची आण, मुसलमान असल्यास डुकराची. दान मोडणारा कोणत्याहि धर्माचा असूं शकतो, हें ओळखूनच ह्या शपथा लिहिलेल्या आहेत.

इंग्रजी अमलांत ह्या कल्पना विलायती कायद्याच्या मापानें मोजल्या जाऊं लागल्या. १८९४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें एका निकालांत असें ठरविलें कीं, मुख्यतः स्वतःच्या वंशजांच्या पोषणासाठीं केलेला आणि गरिबांचा लाभ दूरवर ढकललेला वक्फ खरा वक्फच नव्हे. त्यावर मुसलमान समाजांत असंतोष माजला आणि १९१३ च्या कायद्यानें असे वक्फ पुन्हा वैध ठरविले गेले; त्या कायद्यांत वक्फ करणारा मुसलमान धर्म मानणारा असावा, असा शब्दप्रयोग होता. १९२१ सालीं न्यायमूर्ति अमीर अली यांनीं विद्यावारुथि तीर्थ विरुद्ध बालुसामी अय्यर ह्या खटल्यांत दिलेला निर्णय आणखी मोलाचा आहे. खटला हिंदु मठाचा होता, परंतु त्यांत महंत आणि मुतवल्ली ह्यांचा विचार शेजारीं शेजारीं बसवून केलेला आहे: दोघेहि इंग्रजी अर्थानें विश्वस्त नव्हेत, कारण मालमत्ता त्यांच्यांत निहितच होत नाहीं. देवाची वस्तु देवाची. माणूस फक्त कारभारी.

बीड जिल्हा ह्या काळांत हैदराबाद संस्थानांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें आणि जुन्या सनदांची झाडाझडती सुरू झाली. १९५२ च्या अतियात चौकशी कायद्यानें इनामांच्या हक्कांची तपासणी होऊं लागली. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानें इनामें काढून घेतलीं. धार्मिक व धर्मादाय संस्थांचीं इनामें मात्र त्यांतून वगळलीं. येथेंच तो जुना भेद जिवंत झाला. शेत संस्थेचें कीं सेवेकऱ्याचें? मुजावराच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्याला आपलीच वाटूं लागते. सातबाऱ्यावर त्याचें नांव चढतें. आणि एके दिवशीं ती विकलीहि जाते. ह्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं आंध्र प्रदेशांतील सय्यद अली यांच्या खटल्यांत स्पष्ट केलें कीं, सेवेच्या शर्तीवर दिलेलें धार्मिक इनामहि वक्फ ठरूं शकतें. आणि एकदां वक्फ झालेली जमीन पुढें कोणाच्या नांवें पट्टा निघाला म्हणून वक्फपण गमावीत नाहीं.

परधर्मीयाच्या दानाविषयींचा कायदाहि अनेकदां बदलला. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या व्याख्येंत वक्फ करणारा इस्लाम मानणारा असावा, असें होतें. तथापि कलम १०४ अन्वयें मुसलमान नसलेल्या व्यक्तीनें मशीद, दर्गा, कबरस्तान यांसारख्या स्थानांस दिलेली मालमत्ता त्या वक्फाचाच भाग मानली जाई. २०१३ च्या दुरुस्तीनें व्याख्येंत ‘कोणतीहि व्यक्ति’ असे शब्द आले. २०२५ च्या दुरुस्तीनें तें दार पुन्हा मिटलें: कलम १०४ वगळण्यांत आलें आणि वक्फ करणाऱ्यानें किमान पांच वर्षें इस्लामचें पालन केल्याचें दाखवावें, अशी अट घातली गेली. ह्या अटीस सर्वोच्च न्यायालयानें १५ सप्टेंबर २०२५ रोजीं अंतरिम स्थगिति दिली. बदलाच्या समर्थकांचें म्हणणें असें कीं, वक्फ ही मुसलमानांची धार्मिक संस्था आहे आणि इतरांना दान करण्यास न्यास अथवा बक्षीसपत्र हे मार्ग मोकळे आहेतच. विरोधकांचें म्हणणें असें कीं, श्रद्धेची वर्षें मोजणें हें सरकारचें काम नव्हे आणि मिश्र भक्तीचा इतिहास ह्या व्याख्येंत बसत नाहीं.

हा वाद कोर्टांत कसाहि मिटो, त्यांतील व्यवहाराचा धडा हिंदु देवस्थानांस आणि मुसलमानी वक्फांस सारखाच लागू आहे. बगदादच्या शास्त्र्यांनीं दानाचा हेतु तपासला. दख्खनच्या दानपत्रांनीं मोडणाऱ्याचा हात बांधला. अर्वाचीन कायद्यानें देणाऱ्याची ओळख विचारली. ह्या तिन्हींत दुसरी काळजी सर्वांत व्यवहारी ठरते. कोणाच्या श्रद्धेनें शेत दिलें, ह्यावरून दर्ग्याचा दिवा क्वचितच विझतो. राखणदार स्वतःस धनी समजूं लागला म्हणजे तो विझतो. देवळाचा गुरव आणि दर्ग्याचा मुजावर ह्या दोघांनाहि हा मोह सारखाच होतो. आणि त्यापासून दान वांचविण्याचा उपाय एकच: सनद नीट जतन व्हावी, उत्पन्नाचा हिशेब उघडा राहावा आणि गांवच्या सर्व लोकांनीं, ते कोणत्याहि धर्माचे असोत, त्या हिशेबाची विचारपूस करीत राहावें.