राऊटरच्या खाचेत हात घालण्याआधी

ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रात दिवे लुकलुकणारा एक डबा असतो, तो राऊटर. 2011 साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळालं. आज अंगठा लावून पैसे काढणं, दाखले, गटाच्या नोंदी, सगळं अशा डब्यांतून जातं. तो बंद पडला की पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी रिकाम्या हाती घरी जाते.

मोठ्या राऊटरला खाचा असतात. त्यांत नवा भाग बसवता येतो. त्याला मोड्यूल म्हणतात. जास्त वायरी जोडायचं कार्ड असतं, सिमवर चालणारं कार्ड असतं, आणि फायबर जोडायचा बोटाएवढा एसएफपी असतो. हे काम आपल्यातली शिकलेली मुलगी करो की बाहेरचा माणूस, ते नीट होतंय का हे आपल्याला कळायला हवं.

आधी वीज. लोडशेडिंगमुळे आपल्याकडे राऊटर बहुधा यूपीएस किंवा बॅटरीवर असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी त्यात वीज राहते. म्हणून राऊटरची पिनच काढायची. दोन पिना असतील तर दोन्ही. एसएफपी बहुतेक वेळा चालू राऊटरमध्येही बसवता येतो. कार्ड मात्र माहितीपुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच, नाहीतर बंद करूनच. वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील, तर त्या दिवशी हे काम नको.

दुसरी वीज आपल्या अंगातली. थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा सिंथेटिक साडी काढताना चटचट आवाज येतो. ती स्थिर वीज. साधारण 3000 व्होल्टपर्यंत तिचा चटका आपल्याला जाणवतही नाही. मोड्यूलवरचे नाजूक भाग मात्र 100 व्होल्टच्या आतही दुखावतात. आणि दुखावलेला भाग लगेच मरेलच असं नाही. आज चालतो, दोन महिन्यांनी दगा देतो. तेव्हा कारण कुणाला सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे मनगटी पट्टा. तो अंगाला घट्ट लावायचा आणि त्याची चिमटी राऊटरच्या रंग नसलेल्या धातूला लावायची. या पट्ट्यात विजेचा धक्का अडवणारा रोधक असतो. म्हणून त्याच्याऐवजी साधी तार मनगटाला कधीही बांधू नका. पट्टा नसेल तर निदान त्या उघड्या धातूला हात लावून मगच मोड्यूल उचला, आणि मधे जागेवरून उठलात तर परत हात लावा. बांगड्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र आत घ्या, पदर खोचा. लोंबणारा धातू उघड्या डब्यात नको.

मोड्यूल चंदेरी पिशवीतून शेवटच्या क्षणी काढायचं. कडेला धरायचं, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही. खाचेतल्या रुळांवर सरळ ठेवून हळूच ढकलायचं. अडलं तर जोर लावू नका. बाहेर काढा, बघा, परत लावा. बसलं की स्क्रू हाताने पुरेसे आवळा.

फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका. त्यातला लेझरचा उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. एसएफपी काढण्याआधी फायबर सोडवा आणि दोन्हींवर टोपण लावा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत माळेगाव काय, भवानीनगर काय, रस्त्याकडेच्या खोलीत धूळ येतेच. फायबरच्या टोकावरचा एक कणही उजेड अडवतो.

रिकामी राहिलेली खाच उघडी ठेवू नका. तिची पट्टी परत लावा. नाहीतर धूळ आत जाते, पंख्याची हवा भलतीकडून निघून जाते आणि राऊटर तापतो.

शेवटी वीज जोडा, नव्या भागाचा दिवा लागला का बघा, आणि एखादा व्यवहार करून पाहा. काय बसवलं, कोणत्या तारखेला, कुणी, ते नोंदवहीत लिहा. कर्जाचा हप्ता आपण नोंदीशिवाय सोडत नाही, मग ज्या डब्यातून तो हप्ता जातो त्याची नोंद का सोडायची? आणि काम करायला कुणीही येवो, आपण विचारायचं: पिन काढली का? पट्टा लावला का? विचारायला अभियंता असावं लागत नाही.