दृढतानिका-संधानके

मेंदू व मेरुरज्जू यांवरील शस्त्रक्रियेत छेदलेल्या दृढतानिकेची (सर्वांत बाहेरील चिवट आवरणाची) शिवण जलाभेद्य करणारे व कालांतराने शरीरातच विरून जाणारे चिकट पदार्थ. या आवरणाच्या आत सु. १५० मिलि. मस्तिष्क-मेरुद्रव दाबाखाली असतो. टाके कितीही बारीक घातले, तरी सुईच्या छिद्रांतून तो पाझरू शकतो. त्यातून तीव्र डोकेदुखी, जखम न भरणे, प्रसंगी प्राणघातक मस्तिष्कावरणशोथ हे उपद्रव उद्‌भवतात.

यांतील जुने संधानक फायब्रिन होय. जे. झेड्. यंग व पी. बी. मेडावर यांनी १९४० मध्ये तुटलेल्या तंत्रिका जोडण्यासाठी रक्तद्रव वापरला होता. फायब्रिनोजेन व थ्राँबिन एकत्र येताच रक्त साखळण्याची अखेरची पायरीच जखमेवर घडून येते. सायनोॲक्रिलेटे याहून घट्ट चिकटतात. परंतु त्यांचे अपघटन मंद असून त्यातून फॉर्माल्डिहाइड निर्माण होते, म्हणून तंत्रिका ऊतकाजवळ ती इष्ट नव्हेत.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल व ट्रायलायसीन अमाइन यांपासून बनणाऱ्या जेलास अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. दोन द्रव एकत्र फवारताच काही सेकंदांत जेल तयार होते. थराची जाडी नीट दिसावी म्हणून त्यात निळा रंग घातलेला असतो. एस्टर बंधांचे जलीय विच्छेदन होऊन ते ४ ते ८ आठवड्यांत नाहीसे होते. तोवर आवरण सांधलेले असते. मात्र पाणी शोषून ते फुगते. कवटीत हे बहुधा खपून जाते. पाठीच्या कण्यातील अरुंद नालीत मात्र मेरुरज्जू दाबला जाऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो व असे रुग्ण आढळलेही आहेत. त्यामुळे कण्यासाठी कमी फुगणारा प्रकार निराळा तयार करण्यात आला असून तोही पातळ थरातच द्यावयाचा असतो. टाक्यांऐवजी नव्हे, तर टाक्यांवर पूरक म्हणूनच ही संधानके वापरतात.