सात-बाराचें पान फिरत राहतें, तें कां?

मौजे मिरजोळे व आसपासच्या गांवांतील बागाईतदार बंधूंची एक तक्रार अलीकडे वारंवार आमच्या कानीं येते. फळपीक विम्याची अगर पीककर्जाची मुदत जवळ आली म्हणजे उतारा काढण्यासाठीं मोबाइल हातीं घ्यावा, तों पडदा क्षणभर पांढरा होतो व ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ असा इंग्रजी शेरा उमटून काम तेथेंच अडतें. विम्याची मुदत टळली तर तो हंगाम विम्यावांचून काढावा लागतो, आणि हापूसच्या मोहोरावर अवकाळी पाऊस कोणाची मुदत पाहून पडत नाहीं. सबब हें दुखणें काय आहे व त्यावर घरच्या घरीं काय करितां येईल, तें येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महसुली दप्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस कागद ‘वर्ग’ होणें म्हणजे काय हें सांगावयास नको. एका मेजावर गेलेला अर्ज ‘हें काम आमचें नव्हे, अमक्याकडे जावें’ अशा शेऱ्यानिशीं दुसऱ्या मेजावर जातो. संकेतस्थळांचेंही तसेंच आहे. क्रोम, फायरफॉक्स इत्यादि ब्राउझर हा आपला शिपाई समजावा. तो पत्ता घेऊन पलीकडच्या यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे, जातो. कधीं कधीं सर्व्हर पान न देतां एक आंकडा व नवा पत्ता देतो. आंकडा ३०१ असल्यास मुक्काम कायमचा हलला, ३०२ असल्यास तात्पुरता. ही व्यवस्था मुळांत चांगली आहे. जुना पत्ता टाकणारा मनुष्यही तिच्यामुळें योग्य ठिकाणीं पोंचतो. घोटाळा होतो तो दोन मेजें एकमेकांकडेच कागद धाडूं लागलीं म्हणजे. शिपाई बिचारा इकडून तिकडे फिरत राहतो. १९९६ सालच्या नियमावलींत असें पांचांहून अधिक वेळां आपोआप जाऊं नये असें म्हटलें होतें. क्रोम व फायरफॉक्स आतां साधारण वीस फेऱ्यांनंतर थांबतात. तेव्हां तो शेरा म्हणजे मोबाइल बिघडल्याची खूण नव्हे. शिपायानें चालणें थांबविलें, इतकाच त्याचा अर्थ.

फेरा पडण्याचें नेहमींचें कारण म्हणजे ‘कुकी’. नांव खाऊचें असलें तरी वस्तु फाटकावरील पासासारखी आहे. आपण नांव व परवलीचा शब्द दिला कीं सर्व्हर हा पास देतो व ब्राउझर तो जपून ठेवितो. पास जुना अगर अर्धवट असेल तर आंतील पान म्हणतें, ‘पास चालत नाहीं, फाटकावर जा’. आणि फाटक म्हणतें, ‘पास तर आहे, आंत जा’. कुकी ठेवूंच नये अशी योजना कोणी मोबाइलांत करून ठेविली असेल तरी हाच प्रकार घडतो. घड्याळाकडेही पाहावें. मोबाइलाची तारीख पुढें गेलेली असेल तर मिळालेला पास मिळतांक्षणींच मुदतबाह्य ठरूं शकतो. तारीख व वेळ आपोआप लागेल अशी योजना करणें बरें.

उपाय करतांना आधीं फुकटचा करावा. जपून ठेविलेली खूण न दाबतां संकेतस्थळाचा मूळ पत्ता नव्यानें टाकावा. पुष्कळदां ती खूण आंतील एखाद्या जुन्या पानाची असते. तेवढ्यानें भागलें नाहीं तर ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडावी. तींत जुने पास नसतात. तेथें पान उघडलें तर दोष आपल्याच ब्राउझरमध्यें साठलेल्या सामानाचा, हें निश्चित झालें. मग पत्त्याच्या डावीकडील चिन्ह दाबून त्या एकाच स्थळाच्या कुकी पुसाव्या. कांहीं मंडळी रागानें सगळेंच साफ करितात व त्या भरांत जपलेले परवलीचे शब्दही घालवितात. तसें करूं नये. ३०१ चा शेरा ब्राउझर स्मरणांत ठेवितो, म्हणून सर्व्हरची चूक दुरुस्त झाल्यावरही आपल्याकडे जुनाच फेरा चालूं राहतो. अशा वेळीं ‘कॅश’ म्हणजे साठविलेलीं पानें तेवढीं पुसावीं.

इतकें करूनही शेरा कायम राहिला तर शेजाऱ्याच्या मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर पाहावें. तेथेंही तेंच घडलें तर दोष बहुधा पलीकडचा. पुढचें यंत्र सुरक्षित मार्गानें आलेली मागणी मागच्या यंत्राकडे साध्या मार्गानें देतें, आणि मागचें यंत्र ‘सुरक्षित मार्गानें या’ म्हणून ती परत धाडतें. असा फेरा आपल्या अंगणांतून सुटणारा नव्हे. ‘रात्रीं गर्दी नसतांना पाहा’ हा सल्ला सर्वत्र ऐकूं येतो. गर्दीनें पान मंद होतें. फेरा सहसा त्यामुळें पडत नाहीं.

पैसे भरतांना फेरा पडला तर मात्र घाई करूं नये. माहितीपुरता सात-बारा विनामूल्य पाहतां येतो. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यास पंधरा रुपये पडतात. रक्कम खात्यांतून गेली व उतारा हातीं आला नाहीं, तर पुन्हां पैसे न भरतां व्यवहार क्रमांक टिपून ठेवावा व आधीं त्याची चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट. फिरत फिरत पान भलत्याच ठिकाणीं थांबलें तर पत्ता नीट वाचावा. राज्याच्या भूमि-अभिलेखांचीं स्थळें ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनीं संपतात. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीं हींच अक्षरें अखेरचीं असलीं पाहिजेत. त्यांच्यापुढें टिंब देऊन आणखी कांहीं जोडलेलें असेल तर तें स्थळ सरकारचें नव्हे. किसान योजनेच्या नांवानें व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘एपीके’ फायलींसही हात लावूं नये.

दोष पलीकडचा ठरल्यास पडद्याचें छायाचित्र पत्ता व वेळ दिसेल असें घेऊन त्या स्थळाच्या मदतकक्षाकडे धाडावें, आणि मुदत दोन दिवसांवर आली असेल तर उत्तराची वाट न पाहतां सेवा केंद्राची अगर ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कचेरीची वाट धरावी. जातांना गट क्रमांक व खाते क्रमांक कागदावर लिहून न्यावे. मोबाइल पुन्हां तेथेंही अडण्याचा संभव असतो.