सहीच्या आधी

छत्तीसगडातलं भिलाई-३ आणि चरोदा म्हटलं की रेल्वेचा मार्शलिंग यार्ड आठवतो, लोको शेड आठवतो, क्वार्टर्सच्या रांगा आठवतात. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावरच्या या वस्तीत नागपूर-गोंदियाकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी घरंही भेटतात. इथल्या दारावर मितानीन, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका, येते. छत्तीसगडने २००२ साली मितानीनांचा कार्यक्रम सुरू केला. देशभरात आशाताई आल्या त्या त्यानंतर. कधी तिच्याबरोबर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोघं-तिघं अनोळखी तरुण असतात, हातात फॉर्म, पिशवीत रक्ताच्या नळ्या. ‘थोडं रक्त द्यायचंय आणि काही प्रश्न विचारायचेत,’ म्हणतात. बहुतेक घरांत यावर दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर मुकाट्याने सही होते, नाहीतर दार लावलं जातं. दोन्हीच्या मधे बरंच काही करता येतं.

पहिला प्रश्न अगदी साधा विचारावा: ही तपासणी आहे की संशोधन? सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंच घ्या. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. त्यात तुमचं रक्त तुमच्यासाठी तपासलं जातं. तुम्हाला आजार आहे की तुम्ही फक्त वाहक आहात, हे तुम्हाला कळावं हा त्याचा हेतू. संशोधनात मात्र उत्तर अजून कुणालाच ठाऊक नसतं. ते शोधायला तुमची मदत हवी असते, आणि त्याचा फायदा तुम्हाला होईलच असं नाही. हे जो स्पष्ट सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

मग ही मदत करायची कशासाठी? उत्तर छत्तीसगडातच आहे. बिलासपूरजवळच्या गनियारीत दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था उभी केली. तिथे येणाऱ्या क्षयरोग्यांचं वजन नोंदवलं जायचं. साधनं साधीच: वजनकाटा आणि केसपेपर. २००४ ते २००९ या काळातल्या १६९५ रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा निम्म्या पुरुषांचं वजन सुमारे ४२ किलो किंवा त्याहून कमी आणि निम्म्या बायकांचं सुमारे ३४ किलो किंवा त्याहून कमी निघालं. म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलीइतकं वजन असलेली बाई क्षयाशी झुंजत होती! जितकं वजन कमी, तितका मृत्यूचा धोका जास्त, हेही त्यात दिसलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातून पुढचा प्रश्न निघाला: रुग्णाच्या घरातल्या माणसांना पोटभर खायला दिलं तर त्यांना क्षय होण्यापासून वाचवता येईल का? अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने झारखंडच्या चार जिल्ह्यांत हे तपासलं. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं यात होती. सगळ्या रुग्णांना शिधा मिळाला. घरच्यांना मात्र एका गटात मिळाला आणि दुसऱ्या गटात मिळाला नाही. मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ. दोन्ही गटांवर दोन वर्षं नजर ठेवली. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळलं. निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरोग्याला सरकारकडून मिळणारा पोषणभत्ता महिना ५०० वरून १००० रुपये झाला. घरच्यांच्या शिध्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण आता तो मागायला आकडे हाताशी आहेत.

इथे अनेकांना खटकतं ते दुसऱ्या गटाचं. त्यांना का नाही दिलं? कारण तुलनेला कुणी नसेल तर फरक शिध्याने पडला की आणखी कशाने, हे सांगता येत नाही. पण या गटालाही वाऱ्यावर सोडता येत नाही. सध्या उपलब्ध असलेले उपचार आणि तपासणी त्यांना मिळालीच पाहिजे. म्हणून फॉर्म घेऊन आलेल्याला विचारा: मी कुठल्या गटात जाईन, ते कोण ठरवणार, आणि दुसऱ्या गटाला काय मिळणार?

आता कागदांकडे वळू. दोन कागद असतात: माहितीपत्रक आणि संमतिपत्र. दोन्ही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवेत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावं लागतं आणि संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर आईवडिलांची संमती. शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. कागद घरी ठेवून, विचार करून, दोन दिवसांनी उत्तर देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मधेच बाहेर पडण्याचाही आहे, आणि बाहेर पडलात म्हणून दवाखान्यातले उपचार थांबवता येत नाहीत. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी मागण्यात काही गैर नाही. उलट रक्कम फारच घसघशीत असेल तर सावध व्हावं. भुलवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. रक्त नंतर साठवणार का, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, हेही याच वेळी विचारून घ्यावं.

या सगळ्यावर नजर ठेवते नैतिकता समिती. त्यात सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि डॉक्टरांबरोबर एक कायदा जाणणारा व एक साधा नागरिकही असावा लागतो. नव्या औषधाची किंवा लसीची चाचणी असेल तर तिची नोंद भारताच्या चाचणी-नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिला माणूस सहभागी होण्याआधीच झालेली हवी. ती नोंद कुणालाही फुकट पाहता येते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांतच लिहिलेलं आहे.

हे नियम हवेतून आलेले नाहीत. बस्तरला लागून असलेल्या, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही, पण प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला आणि पुढे संसदीय समितीने संमतीच्या या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असणं आणि सही योग्य माणसाची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरी भरून निघत नाही.

सहभाग म्हणजे केवळ हात पुढे करणं, असं मात्र नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या राणी आणि अभय बंग यांच्यापुढे अडचण होती ती दाईंची. बाळाचा श्वास मिनिटाला साठपर्यंत मोजायचा कसा, जर एवढी मोजणीच येत नसेल? मग मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी असलेली एक पट्टी तयार झाली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. याच जिल्ह्यात ३९ गावांतल्या बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं गेलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. हा अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. २०११ पासून सरकारने अशा घरभेटी देशभर सुरू केल्या. चरोद्यातली बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की मितानीन ४२ दिवसांत सहा वेळा बाळाला पाहायला येते, त्या भेटींचं मूळ हे आहे.

तुमचाही एखादा प्रश्न असेल. रात्रपाळीच्या रनिंग स्टाफचा रक्तदाब, मे महिन्यात यार्डात काम करणाऱ्यांना होणारा उन्हाचा त्रास, वस्तीतल्या नळाचं पाणी. तो वस्तीच्या महिला आरोग्य समितीत मांडा, नाहीतर मेडिकल कॉलेजच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात लिहून द्या. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) विद्यावेतन देते, आणि अशा मुलांना विषय हवेच असतात. असं कॉलेज फार दूरही नाही: जीई रोडने रायपूरकडे निघालं की टाटीबंधला एम्स लागतंच.

आणि सही केलीत तर संमतिपत्राची प्रत मागून घ्या. तिच्यावर मुख्य संशोधकाचा आणि नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. अभ्यास संपला की त्याच नंबरवर फोन करून विचारा: काय निघालं?