अंतर एक, वेळा दोन

चाकण येथें फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ इत्यादि जर्मन मोटारींचे कारखाने आहेत. तेथील कामानिमित्त आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचे वडील जर्मनीस जातात. अशा एका विद्यार्थ्यानें गेल्या हिवाळ्यांत आम्हांस विचारिलें, "सर, बाबा रात्रीं एक वाजतां मुंबईहून निघाले आणि पहांटे साडेपांचास फ्रँकफुर्टास उतरले. परत येतांना मात्र दुपारीं एकास निघून मध्यरात्रीनंतर दीडला मुंबईस पोंचले. साडेचार तास उलटले तरी विमान आलें नाहीं, म्हणून आई फार घाबरली होती. एकाच वाटेस असा फरक कां?"

हा घोटाळा प्रथम घड्याळाचा आहे. आपलें घड्याळ ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तास, तर जर्मनीचें हिवाळ्यांत एकच तास असतें. म्हणून तेथें पहांटेचे साडेपांच वाजतात, तेव्हां येथें सकाळचे दहा वाजलेले असतात. अर्थात् जावयास ९ तास लागले. तसेंच तेथील दुपारचा एक म्हणजे येथील सायंकाळचे साडेपांच. त्यावरून यावयास ८ तास लागले. उन्हाळ्यांत जर्मन लोक आपलें घड्याळ एक तास पुढें करितात, तेव्हां हा फरक साडेतीन तासांचा होतो.

तथापि ९ आणि ८ यांतही एका तासाचें अंतर उरतेंच. त्याचें कारण वारा. उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, व हिवाळ्यांत ते अधिक प्रबळ होतात. जातांना ते विमानास अडवितात, येतांना पाठीमागून लोटितात.

आतां अंतर पाहूं. पृथ्वीच्या गोलावर मुंबई व फ्रँकफुर्ट यांमध्यें दोरा ताणून धरावा. भिंतीवरील नकाशांतील सरळ रेषेच्या उत्तरेकडून तो जातो, असें दिसेल. हाच सर्वांत जवळचा मार्ग. त्याची लांबी सुमारें ६,५७० किलोमीटर आहे. ताशीं ९०० किलोमीटर वेगानें तो सव्वासात तासांच्या आसपास संपावा; परंतु चढण्या-उतरण्यांत वेग कमी असतो, आणि विमानास दोऱ्याच्या वाटेनेंच जातां येतें असें नाहीं. २०१९ सालीं पाकिस्तानानें आपलें आकाश कांहीं महिने बंद ठेविलें, तेव्हां दिल्लीहून युरोपास जाणाऱ्या विमानांस मोठा फेरा पडला. शिवाय चाकणहून घाट उतरून मुंबईस जाणें व विमानतळावर तीन तास आधीं हजर राहणें, हा वेळ निराळाच.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, दोन गांवच्या घड्याळांची वजाबाकी करण्यापूर्वीं तीं एका घड्याळावर आणावीं. दूर गेलेल्या माणसासाठीं घरीं प्रार्थना अवश्य व्हावी. परंतु हिशेब चुकल्यामुळें कोणा मातेनें रात्र भीतींत काढूं नये. त्या मुलानें घरीं जाऊन आईस पाटीवर हें गणित मांडून दाखविलें, यांतच आमच्या भूगोलाच्या तासाचें सार्थक झालें.